टेबल सॉची फेन्स घरीच बनवायची, तर प्लायची की लोखंडी पाइपची?

टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेली करवत, आणि फेन्स म्हणजे लाकूड टेकवून सरळ चिरायची तिच्यावरची पट्टी. मशीनसोबत आलेली फेन्स लॉक करताना मागून सरकते, नवीन घ्यायला बजेट नाही, मग घरीच बनवू म्हटलं की गाडी इथेच अडते.

खर्चात प्लाय सरळ जिंकतं, तुकडे बहुतेकांकडे पडलेलेच असतात. पाइप म्हटला की अँगलची रेल (फेन्स जिच्यावर सरकते ती), नट-बोल्ट, ड्रिलिंग सगळं आलंच.

पण खरा मुद्दा सरळपणाचा. 18 एमएम प्लायचे दोन थर चिकटवून केलेली फेन्स सुरुवातीला मस्त चालते, हवेत दमटपणा वाढला की मात्र हळूच वाकू शकते, आणि मागचं टोक ब्लेडकडे आलं की लाकूड चिमटीत सापडून थेट अंगावर फेकलं जातं, गंमत नाही ती. पाइपला दमटपणाने फक्त गंज चढतो. तरी नवा पाइप सरळच असेल असं समजू नका, स्टीलची पट्टी लावून उजेडासमोर धरा, मधे फट दिसली तर दुसरा घ्या. आणि टी-जोड (फेन्स आणि रेलवरचा आडवा तुकडा जिथे जुळतात तो) वेल्ड करू नका राव, गरम होऊन ओढला जातो, बोल्टच लावा, भोकं जराशी मोठी ठेवली की काटकोन नंतर जुळवता येतो.

मेहनत पाइपला जास्त. प्लायवर स्टॉप ब्लॉक (लाकूड ठरावीक जागी अडवणारा ठोकळा) कुठेही स्क्रूने ठोकता येतो, पाइपला त्यासाठी वरून प्लायचा फेस, म्हणजे पट्टी, लावावी लागते.

कधीमधी छोटी कामं असतील तर प्लाय पुरे, फक्त वापरण्याआधी ब्लेडशी समांतर आहे का ते मोजा. रोज लांब फळ्या चिरायच्या असतील तर पाइपच.