रिपॉझिटरीसाठी डेव्हलपर घ्यावा, मेटाडेटावाला घ्यावा की सगळं बाहेरच द्यावं?

लायब्ररीच्या रिपॉझिटरीची, म्हणजे विद्यापीठाचे थीसिस आणि पेपर ऑनलाइन ठेवायच्या साइटची, मीटिंग बसली की पहिला तास होमपेजवर जातो. स्लायडर हवा का, कुलगुरूंचा फोटो कुठे, रंग लोगोशी जुळतो का. आणि चहा संपता संपता कुणीतरी हळूच विचारतं की अपलोड कोण करणार, मग सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालतात. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि एकदा या चक्रात नीट फसलोय, म्हणून लिहितोय.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. डीस्पेस, ईप्रिंट्स, नाहीतर होस्टेड सेवा, बहुतेकांची निवड इथेच होते. डीस्पेस 2002 मध्ये एमआयटीच्या लायब्ररीने एचपीबरोबर काढलं, जगभर वापरतात, फुकट आहे. पण फुकट म्हणजे लायसन्स फुकट, सांभाळणं नाही. जावा, पोस्टग्रेस हा डेटाबेस, सोलर हे सर्च इंजिन आणि 2021 ला आलेल्या व्हर्जन 7 पासून समोरची बाजू अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे मागचं आणि पुढचं अशी दोन वेगळी अ‍ॅप्लिकेशन्स चालू ठेवायची. ईप्रिंट्स साउदॅम्प्टन विद्यापीठाचं, त्याहून जुनं, पर्ल भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर चालतं, सर्व्हरवर तुलनेने हलकं, फक्त आज पर्ल येणारं नवं पोरगं शोधून दाखवा. होस्टेडमध्ये सर्व्हर, बॅकअप, अपग्रेड ही डोकेदुखी दुसऱ्याची, पण दरवर्षी बिल येतं आणि मालक बदलू शकतो. डिजिटल कॉमन्स ही होस्टेड रिपॉझिटरी सेवा चालवणारी बीप्रेस कंपनी 2017 ला एल्सेव्हिअर या जर्नल प्रकाशकाने विकत घेतली तेव्हा बऱ्याच लायब्रऱ्या चिडल्या होत्या, कारण ज्यांच्या महागड्या जर्नल्सना पर्याय म्हणून रिपॉझिटरी काढली त्यांच्याच घरी ती जाऊन बसली.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे डीस्पेसची जुनी व्हर्जन होती आणि एका वर्षीचा बराचसा पैसा आम्ही खास थीम, म्हणजे साइटचा दिसण्याचा साचा, करून घेण्यात घातला, दिसायला झकास झाली, उद्घाटनपण झालं. नंतर व्हर्जन 7 आली, जुने दोन्ही इंटरफेस गेले आणि आमची ती थीम एका दिवसात भंगार. करणारा मुलगा तोवर नोकरी सोडून गेलेला, त्यामुळे अपग्रेड भिजत घोंगडं होऊन बसलं, आणि 2023 मध्ये व्हर्जन 6 चा सपोर्टही संपला. तेव्हापासून मी कस्टम थीम म्हटलं की आधी विचारतो, पुढच्या अपग्रेडला ही परत कोण बसवणार? उत्तर नसेल तर मूळ थीम घ्या, लोगो आणि रंग बदला, बास.

दुसरं म्हणजे होमपेज फार कमी लोक बघतात. वाचक गुगलवरून किंवा गुगल स्कॉलरवरून येतो आणि थेट एखाद्या थीसिसच्या पानावर उतरतो. डिझाइनचा पैसा असलाच तर तो त्या पानावर घाला: पीडीएफचं बटण वर, फाइल किती एमबी ते लिहिलेलं, सारांश न क्लिक करता दिसतोय, मोबाइलवर नीट उघडतंय, स्क्रीन रीडरला वाचता येतंय, एम्बार्गो (ठरावीक काळ फाइल बंद ठेवणं) असेल तर कधी उठणार ती तारीख. स्कॉलरचे नियमही बघून घ्या, त्याला पानात सायटेशनचे ठरावीक मेटा टॅग (पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या खुणा) लागतात आणि 5 एमबीच्या वरची फाइल तो घेत नाही, त्यामुळे 80 एमबीचा स्कॅन टाकून स्कॉलरमध्ये का दिसत नाही म्हणून वेब डिझायनरला झापण्यात अर्थ नाही.

माणसांचं गणित याहून महत्त्वाचं. एकच पोस्ट मिळणार असेल तर डेव्हलपर की मेटाडेटावाला, म्हणजे लेखक, शीर्षक, वर्ष अशा नोंदी सांभाळणारा? मी डोळे झाकून मेटाडेटावाला म्हणेन. का ते आमच्या एका फोल्डरवरून सांगतो. फाइलचं नाव 'फायनल नवीन 2', आत स्कॅन केलेली पानं, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) नाही, म्हणजे आतला एक शब्द सर्चला सापडत नाही. लेखकाचं नाव एका नोंदीत आडनाव आधी, दुसरीत आडनाव शेवटी, तिसरीत नुसती आद्याक्षरं, चौथीत पुढे डॉक्टर लावलेलं. सिस्टिमच्या हिशोबाने ही चार माणसं. मग प्राध्यापक येऊन म्हणतात माझे निम्मे पेपर गायब आहेत. यावर कुठलंही डिझाइन उपाय नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नावं एकसारखी करणं, ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) जोडणं, कॉपीराइट तपासणं, प्राध्यापकांच्या मागे लागून प्रकाशकाची छापील मांडणीतली नाही तर स्वतःची स्वीकृत प्रत (छापायला स्वीकारलेलं हस्तलिखित) मागून घेणं, हे सगळं माणूसच करतो, आणि त्यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं. हे काम विद्यार्थ्यांकडून तासावर करून घेता येईल का? अपलोड आणि स्कॅनिंग हो, पण तपासायला कायमचं एक माणूस पाहिजेच, नाहीतर दर सेमिस्टरला नवीन पोरं आणि नवीन स्पेलिंग.

म्हणजे माझ्या मते असं. माणूस एक किंवा दीड असेल तर होस्टेड घ्या आणि तो माणूस पूर्णवेळ मेटाडेटावर. दोन-तीन असतील आणि त्यातला एक खरंच लिनक्स सर्व्हरवर हात बसलेला असेल तर डीस्पेस स्वतःकडे ठेवा, मूळ थीमसकट. डेव्हलपर आणि डिझायनर दोघं कायमचे असतील तरच थीमला हात लावा, अशा लायब्रऱ्या मी फार कमी पाहिल्यात. आयटी विभाग 'आम्ही बघू' म्हणाला तर कोण बघणार त्याचं नाव आणि आठवड्याचे तास लिहून घ्या, तोंडी हो वर सर्व्हर चालत नाही.

होस्टेड घेणार असाल तर सही करायच्या आधी करारात दोन ओळी शोधा. सोडून जाताना फाइल आणि मेटाडेटा दोन्ही एकत्र, वापरता येईल अशा फॉरमॅटमध्ये मिळणार का, आणि हँडल किंवा डीओआयचा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या कायमच्या पत्त्याचा, प्रीफिक्स (सुरुवातीचा भाग) कुणाच्या नावावर आहे. दुसरं उत्तर 'आमच्या' असं आलं तर तिथेच थांबून तो आधी लायब्ररीच्या नावावर करून मागा.