जुनी डिझेल अर्टिगा : कराड-चिपळूण करणाऱ्या घराचा अनुभव

आमच्या घरात माणसं सहा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, धाकटीला मागच्या सीटवर बसलं की मळमळतं, आणि ह्यांची नोकरी चिपळूणला. मी कराडला शाळेत शिकवते. त्यामुळे दर शनिवार-रविवारी कुणीतरी कुंभार्ली घाट चढतं किंवा उतरतं. त्यात माहेर, लग्नं, जोतिबा, दवाखाने धरले की महिन्याला दीड हजार किलोमीटर सहज होतात. बजेट साडेपाच लाखांचं, आणि त्यातलेच पन्नास हजार घेतल्यावरच्या कामांसाठी बाजूला ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. बऱ्याच शोधानंतर २०१४ ची मारुती अर्टिगा झेडडीआय (डिझेलमधलं वरचं व्हेरियंट) घेतली. दोन पावसाळे काढले तिने आमच्याकडे, म्हणून आता लिहिते.

डिझेलच का, हे सगळेच विचारतात. आमचा हिशेब असा : घाट धरून आमची गाडी लिटरला १७ देते. डिझेल ९० च्या आसपास धरलं तर दीड हजार किलोमीटरला आठ हजार रुपये. नणंदेकडे हीच गाडी पेट्रोलची आहे, तिला याच रस्त्याला १३ च्या वर मिळत नाही, म्हणजे बारा हजार. महिन्याला चार हजारांचा फरक पडतो, तो आम्हाला मोठा आहे. पण तुमचं रनिंग महिन्याला पाचशे किलोमीटरच असेल तर हा फरक तेराशे-चौदाशेवर येतो, आणि डिझेलचा एखादा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) नाहीतर टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) गेला की दोन वर्षांची बचत एका दिवसात जाते. शाळा, भाजी, देऊळ एवढंच फिरणं असलेल्या घराने जुनं डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीएनजीचाही विचार केला होता. पण मागे टाकी बसली की सासूबाईंची व्हीलचेअर कुठे ठेवायची? तिथेच तो विषय संपला.

अर्टिगावर बोट ठेवलं ते इंजिनामुळे. १२४८ सीसीचं हे १.३ लिटर डिझेल मूळचं फियाटचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, शेवरोलेची एन्जॉय, सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच. त्यामुळे पाटणपासून अलोऱ्यापर्यंत कुठेही गाडी बंद पडली तरी हे इंजिन उघडलेला मेकॅनिक सापडतो, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. टायमिंगला, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवायला, चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांसारखा धुराचा डीपीएफ फिल्टरही यात नाही, तो चोंदायची भीती नाही. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी रस्त्यावर ही इंजिनं इतकी आहेत की सुट्या भागांची काळजी मला वाटत नाही. आमच्या बजेटमध्ये होंडा मोबिलिओही येत होती, चालवायला छान, पण ती फार विकली गेली नाही आणि २०१७ मध्ये बंदच झाली. इनोव्हा येत होत्या त्या सगळ्या अडीच-तीन लाख किलोमीटर पळालेल्या.

खरा वेळ गेला तो गाड्या बघण्यात. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं, त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या साफसूफ होऊन पुन्हा बाजारात आल्या आहेत, आणि आपल्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने आधी हेच तपासावं. अशी एक पांढरी अर्टिगा आम्ही पाहिली. कव्हर कोरे, आत सेंटचा घमघमाट. आमच्या मेकॅनिकने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. मधल्या सीटचा पट्टा हातात घेतला आणि शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढला. वरचा पट्टा काळाभोर, आणि गुंडाळीत दडलेल्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ. मग सीट पुढे सरकवून खाली टॉर्च मारला, तर रुळांना गंज आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ. डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलेलं. विकणारा म्हणत होता, "गाडी कधी पाण्यात गेलेली नाही, मॅडम." मेकॅनिक मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "बाई, वायरिंग वर्षभरात खाईल तुम्हाला. चला."

दुसरी गाडी पुण्याच्या एका डीलरकडची. मीटरवर ७२ हजार. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हर सीटची कड दबलेली, स्टिअरिंग चकाकतंय. मालकाच्या संमतीने सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन जुन्या नोंदी काढल्या, तर दोन वर्षांपूर्वीच ती १ लाख ४० हजारांवर होती. म्हणून सांगते, मीटरचा आकडा बघून भाव ठरवू नका, सर्व्हिसच्या नोंदी मागा. विकणारा द्यायला तयार नसेल तर गाडी सोडा.

आमची गाडी मिळाली ती कोल्हापूरच्या एका निवृत्त गृहस्थांकडे. पहिलेच मालक, १ लाख १८ हजार किलोमीटर, नोंदी सगळ्या. त्यांना फोनवरच विनंती केली होती की, काका, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. चावी फिरवली तेव्हा मेकॅनिक बॉनेटला कान देऊन उभा होता. या इंजिनाची चेन सैल झाली असेल तर सुरू होताना पुढच्या बाजूने खडखड येते आणि नंतर विरते. गरम गाडीवर ती कळत नाही. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं. तिथून भकभक धूर आला तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलेलं. तसं नव्हतं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतो आणि वेग तेवढा वाढत नाही, हे मात्र दिसलं. क्लच संपत आलाय. तेवढ्यावर वीस हजार कमी झाले. टायरवरचे शेवटचे चार अंकही वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमचे २०१७ चे निघाले, चारही बदलले.

आता चालवण्याबद्दल. दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन झोपलेलं असतं, टर्बो लागला की एकदम ओढतं. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, पण घाटाच्या पायथ्याच्या पोफळीहून वर येताना सहा माणसं, सामान आणि एसी असेल तर वळणावर दुसऱ्यात धरून ठेवण्यापेक्षा सरळ पहिला टाकावा. धुक्यात पुढे ट्रक असेल तर ओव्हरटेकचा विचारही नको. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच ठेवा, ब्रेक तापत नाहीत. घाट संपवून थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट तसंच राहू द्या, टर्बोला ऑइल मिळत राहतं.

सासूबाईंना ही गाडी आवडली, कारण सीटची उंची. स्विफ्टसारखं खाली बसावं लागत नाही, सुमोसारखं वर चढावं लागत नाही. मधली सीट मागे सरकते, त्यांचे पाय मोकळे राहतात. तिसरी रांग मुलांसाठीच, मोठ्या माणसाने कराडहून पुण्याला त्यात बसू नये. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत दोन पिशव्या बसतात, बस. व्हीलचेअर न्यायची असेल तर आम्ही मागची सीट पाडतो. झेडडीआयचा हट्ट मी धरला तो दोन एअरबॅगसाठी. खालच्या व्हेरियंटची गाडी पाहायला गेलात तर जाहिरातीवर जाऊ नका, स्टिअरिंगवर आणि डाव्या डॅशबोर्डवर स्वतः खात्री करा.

२०१५ च्या शेवटी आलेली एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) अर्टिगा सिग्नलला आपोआप बंद होते आणि ॲव्हरेज थोडं जास्त देते. शहरात राहणाऱ्यांनी ती बघावी, मात्र तिची बॅटरी मोठी आणि महाग असते, तिचं वय विचारा.

कागदांचं थोडक्यात. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले. इकडे आणताना एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर असं सगळं पदरात पडतं, आणि गाडीचा इतिहास तपासायला तिथे कोण जाणार? आम्ही एमएच ०९ च घेतली. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलेला आहे का, ई-चलान थकलेलं आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला द्या, आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हे धरूनच खर्च मांडा. २०१४ ची गाडी २०२९ पर्यंत आरसीवर चालते, पुढे फिटनेस करून पुन्हा नोंदणी. आम्हाला तेवढी वर्षं पुरेत, तोपर्यंत थोरली कॉलेजला जाईल.

क्लच अजून तोच आहे. चौदा हजारांचा अंदाज मिळालाय, दिवाळीच्या सुट्टीत गाडी चार दिवस गॅरेजला लावणार आहे.