फायनल फँटसी ६: जुनी कार्ट्रिज, गेम बॉय की पिक्सेल रीमास्टर?

फायनल फँटसी ६ हा जपानी व्हिडिओ गेम आज खेळायचा ठरवलंत, तर तीन वाटा आहेत: १९९४ ची सुपर निंटेंडोची मूळ कार्ट्रिज, २००६ साली जपानमध्ये आलेली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची आवृत्ती आणि २०२२ चं पिक्सेल रीमास्टर, म्हणजे आजच्या यंत्रांसाठी नव्याने घडवलेली आवृत्ती. कथा, पात्रं, लढाईची पद्धत तिन्हीकडे तीच. खरा फरक कानाला कळतो, म्हणून मी ऑपेराच्या प्रसंगापासून सुरुवात करतो.

कथेतली सेलेस ही नायिका गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते. तिच्या ओळी आपण आधी पाठ करायच्या आणि ऐन वेळी बरोबर ओळ निवडायची. सुपर निंटेंडोच्या ध्वनी-चिपला मेमरी फक्त ६४ किलोबाइट आणि एका वेळी आठच आवाज. त्यात माणसाचं गाणं मावणं शक्य नव्हतं. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी गळ्याच्या जागी एक कृत्रिम, थरथरता सूर ठेवला आणि शब्द पडद्यावर दिले. तो सूर आजही आत खोलवर जातो, कारण उरलेलं गाणं आपण मनात गातो. रीमास्टरमध्ये सात भाषांत खरोखरचे गायक आहेत, रंगमंचालाही खोली दिली आहे. अप्रतिम काम आहे. तरी मला मूळ प्रसंगच जवळचा वाटतो.

गेम बॉयची आवृत्ती नेमकी इथेच मार खाते. संगीत पातळ, किरकिरं वाटतं, आणि या गेममध्ये ती लहान गोष्ट नाही. बदल्यात नवं, अधिक नेमकं इंग्रजी भाषांतर, चार नवे एस्पर (लढाईत मदतीला बोलावता येणारे जादुई जीव) आणि शेवटी दोन जादा आव्हानं मिळतात. रीमास्टरमध्ये ही भर नाही. गेम आधी पूर्ण केला असेल आणि आणखी हवं असेल, तरच गेम बॉयची आवृत्ती घ्या.

मूळ कार्ट्रिज घेताना एक लक्षात ठेवा: अमेरिकेत तिच्यावर ‘फायनल फँटसी ३’ असं छापलेलं आहे. सेव्ह आतल्या बॅटरीवर टिकतात आणि ती बॅटरी आता तीस वर्षांची असू शकते. बदलून घेतल्याशिवाय लांबचा प्रवास सुरू करू नका. चुकाही आहेत. शारीरिक हल्ला चुकवण्याचा आकडा वाढवून काही उपयोग होत नाही, आणि रेल्म या पात्राच्या ‘स्केच’ या चालीमुळे सामानाची यादी बिघडू शकते. टेड वूल्सी यांचं भाषांतर मात्र चटकदार आहे, खलनायक केफ्का त्यातच जास्त झोंबतो. कार्ट्रिजच्या मागे धावायचं नसेल, तर २०१७ च्या छोट्या सुपर निंटेंडो क्लासिकमध्ये हाच गेम आहे.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी बिनदिक्कत रीमास्टर सुचवेन. आपोआप सेव्ह होतं, नकाशा दिसतो, वेळ वाचतो. त्यातही २०२३ ची स्विच किंवा प्लेस्टेशन ४ वरची आवृत्ती बघा: तिथे जुनं संगीत निवडता येतं, अक्षरांचा ठसा जुन्यासारखा करता येतो, वाटेतल्या लढाया बंदही करता येतात. लढाया मात्र पहिल्या खेळात चालूच ठेवा, नाहीतर पात्रं कच्ची राहतात आणि शेवटचा मनोरा भारी पडतो.