पटवाऱ्याकडचा फेरफार की कोर्टाचं प्रमाणपत्र?

बाप गेला की वावराचं काम पटवाऱ्याकडे, बँकेतल्या पैशाचं कोर्टात. गल्लत इथंच होते. वारस फेरफार (सातबारावर वारसांची नावं चढवणं) स्वस्त: अर्ज, मृत्यूचा दाखला, १५ दिवसांची नोटीस, हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. पण सातबारावर नाव चढल्यानं मालकी ठरत नाही. भावाबहिणीत वाद पेटला तर दिवाणी कोर्टच. (बहिणीचं नाव गाळायची आपल्याकडची खोड तिथं महागात पडते.)

नॉमिनी नसलेल्या मोठ्या ठेवीसाठी बँक बहुधा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. वकील, कोर्ट फी, तारखा आल्याच. जमिनीला मात्र ते चालत नाही. हिंदू कुटुंबात अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या स्वतंत्र नावावरचं वावर विकायचं, तर आईलाही आधी कोर्टाची परवानगी लागते.