लसूण की ओरेगॅनो तेल? दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांसाठी

डुकराचं चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून वेगळं केलं की पहिला आठवडा जिवावरचा. शेपटीखालची ओली, चिकट जागा दिसली की समजायचं, हगवण सुरू झाली. युरोपीय संघात वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देणं २००६ पासून बंद आहे आणि हगवण रोखण्यासाठी दिलं जाणारं औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइडही २०२२ मध्ये गेलं. त्यामुळे तिथे वनस्पतीजन्य पर्यायांची गरज वाढली.

लसूण आपल्या हाताशी असतो. पण पाकळी ठेचल्यावरच त्यात जंतूंना मारणारं अ‍ॅलिसिन तयार होतं आणि ते फार टिकत नाही. सकाळी ठेचून भरड्यात कालवलेला लसूण संध्याकाळपर्यंत तसाच राहत नाही. शिवाय प्रत्येक वेळी कालवताना मात्रा सारखी पडेल याचा भरवसा नाही.

ओरेगॅनो तेलाची ताकद कार्व्हाक्रोल आणि थायमॉलमध्ये आहे. ही द्रव्यं जिवाणूंचं आवरणच फोडतात. (थायमॉल आपल्या ओव्यातही असतं, वास ओळखीचाच.) मात्र नुसतं तेल दिलं तर बरंचसं जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, पुढे पोचतच नाही. म्हणून आवरण चढवलेली पूडच घ्यावी. ती महाग पडते, आणि मात्रा जास्त झाली तर उग्र वासाने पिल्लं तोंड फिरवतात.

माझा कौल आवरणवाल्या ओरेगॅनोला, कारण मोजून देता येतं. पण गोठा ओला आणि गारठलेला असेल, तर आधी कोरडं अंथरूण घाला. रक्ताची हगवण दिसली तर थेट पशुवैद्याला बोलवा.