शिसव म्हणून विकलेलं रंगवलेलं लाकूड

लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांनी आणि स्वस्त कटपीस (कापून उरलेले तुकडे) शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचा. एका विक्रेत्याने मला शिसवाचे ठोकळे म्हणून रंग दिलेलं भलतंच लाकूड विकलं. ९० रुपये किलो, ५० किलोचं पोतं, पैसे आधी, बिल नाही. "फर्निचरच्या कारखान्यातला उरलेला माल आहे दादा, परत मिळायचा नाही," असं तो सांगत होता. फोटो खऱ्या शिसवाचे होते. पोत्यात वरचे चार-पाच ठोकळेही खरे होते. खाली सगळी भरती.

खालचा एक ठोकळा लाटणं करायला लेथवर चढवला. पटाशी लागताच काळपट थर निघून गेला आणि आतून पांढुरकं लाकूड दिसलं. खऱ्या शिसवात नेमकं उलट असतं. जांभळट-तपकिरी गाभा आत, पांढुरका भाग बाहेर, सालीलगत. चारी बाजूंनी काळं आणि आत पांढरं, असं झाड वाढत नाही. ठोकळ्यावर ओलं फडकं घासलं तर फडकं तपकिरी झालं. असे ठोकळे घेणारे बहुतेक जण पोळपाट, लाटणी, डाव करतात. तो रंग कुणाच्या तरी कणकेत जाणार, याची मला सगळ्यात जास्त चीड आली.

मग ते हातात शिसवाइतकं जड का लागत होतं? ओलं होतं म्हणून. टोकांना मेण होतं, त्यामुळे ओल आत टिकून राहिली होती. तडे जाऊ नयेत म्हणून चांगले विक्रेतेही मेण लावतात, ते गैर नाही. पण हा माल "पूर्ण वाळलेला" म्हणून विकला होता. हिशेब बघा: कोरड्या वजनाच्या ६० टक्के पाणी असलेलं १० किलो लाकूड १२ टक्क्यांपर्यंत वाळलं की ७ किलोच भरतं. म्हणजे ३ किलो पाण्याचे पैसे! शिवाय वाळताना ठोकळे तडकले ते वेगळंच. परत द्यायला फोन केला तर उत्तर आलं, "तुम्ही कापलंत, आता घेणार नाही." त्यानंतर फोन उचललाच नाही.

म्हणून आधी पैसे पाठवू नका. पोतं समोर रिकामं करायला लावा आणि आपल्या पसंतीचा एक ठोकळा मधोमध आडवा कापून मागा. रंग वरवरचा असेल तर तिथेच कळतं. साग म्हणून देत असतील तर ताज्या कापावर वर्षाची वलयं आणि मोठ्या छिद्रांच्या रांगा नुसत्या डोळ्यांनी दिसायला हव्यात. टाचणीएवढी भोकं आणि मैद्यासारखा भुसा दिसला तर तो ठोकळा घरात आणूच नका, कीड बाकीच्या लाकडात पसरते.

मी आता दारांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यातूनच तुकडे निवडून आणतो. तिथे लाकूड डोळ्यांसमोर कापलं जातं, त्यामुळे लपवायला काही उरत नाही. जुन्या वाड्याच्या तुळईचे तुकडे मिळाले तर मात्र लेथवर चढवण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. आत खिळा राहिला तर पटाशीची धार तर जातेच, तुकडा उडून चेहऱ्यावर येऊ शकतो.