मापाप्रमाणे शिवून मिळणाऱ्या खणाच्या ड्रेसची फसवणूक

सोलापूरच्या विणकरांचे नाव पुढे करून खणाचे आणि इरकलीचे ड्रेस ‘तुमच्या मापाप्रमाणे शिवून’ देण्याची जाहिरात करणाऱ्या समाजमाध्यमावरील एका पानाने माझ्याकडून ४,०५० रुपये घेतले आणि त्याबदल्यात छापील पॉलिस्टरचा एक ढगळ झगा पाठवला. ही रक्कम कोणाला मोठी वाटेल, कोणाला किरकोळ. परंतु ती ज्या पद्धतीने घेतली गेली ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण गिऱ्हाइकाला पुढे तक्रार करता येऊ नये याची तजवीज तिच्यात पहिल्या संदेशापासून केलेली असते. लग्नसराईच्या आणि सणावाराच्या तोंडावर अशी पाने भराभर उगवतात, म्हणून सगळा तपशील लिहीत आहे.

चाळिशी ओलांडलेल्या, भरल्या अंगाच्या बाईला जरा बरा, चालू फॅशनचा कपडा मिळवताना काय करावे लागते, हे ज्यांनी सोलापूरच्या नवी पेठेतली दुकाने भर उन्हात पालथी घातली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. दर्शनी काचेत पुतळ्याच्या अंगावर जो को-ऑर्ड सेट किंवा अनारकली झळकत असते ती आत गेल्यावर ‘लार्ज’पर्यंतच असते, आणि त्यापुढच्या मापात हाती येतो तो सरळसोट, गडद रंगाचा, गळ्याला चार मणी लावलेला कुर्ता. एका कंपनीचा ‘डबल एक्सएल’ छातीत बसतो तर त्याचा खांदा दंडावर उतरतो, दुसरीचा खांद्याला नेमका बसतो तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, काचतो, आणि कित्येक कुर्त्यांच्या बाह्या तर शिवलेल्याच नसतात. त्या कापडाच्या दोन तुकड्यांच्या रूपात आत टाचून दिलेल्या असतात आणि लावून घेण्यासाठी पुन्हा शिवणवालीकडे खेटे घालावे लागतात. शिवणकाम करणाऱ्या बायका आपल्याकडे हुशार आहेत, पण लग्नसराईत त्यांच्याकडे ब्लाउजचे गठ्ठे पडलेले असतात आणि नवा ड्रेस म्हटले की ‘ताई, आता आषाढी झाल्यावर या’ असे उत्तर मिळते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सिंथेटिक कपडा अंगावर सहन होत नाही, मग तो कितीही फॅशनचा असो. सुती, मापाचा आणि दिसायलाही चांगला असा कपडा घरबसल्या शिवून मिळेल, असे सांगणाऱ्याला या परिस्थितीत गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांत खणाला पुन्हा दिवस आले आहेत. एके काळी चोळीपुरता असलेला हा कपडा आता कुर्ता, जॅकेट, फ्रॉक, पर्स, इतकेच नव्हे तर बारशाच्या झबल्यापर्यंत पोहोचला आहे, आणि इरकलीच्या काठांचेही तसेच झाले आहे. खणाचे मूळ गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड आणि इरकलीचे त्याच जिल्ह्यातले इलकल. सोलापुरात दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या विकल्या आणि वापरल्या जातात, पण इथल्या मागाची देशभर ओळख आहे ती चादरीमुळे आणि टॉवेलमुळे, आणि भौगोलिक मानांकनही सोलापूरच्या नावे याच दोन वस्तूंना आहे. त्या पानावर मात्र ‘सोलापूरचा सुप्रसिद्ध हातमागाचा खण, थेट विणकराच्या घरातून’ असे लिहिले होते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला यात काही खटकणार नाही; सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला खटकते. मी तसे विचारलेही. ‘ताई, आमचे माग अक्कलकोट रोड एमआयडीसीला आहेत, कधीही बघायला या,’ असे तत्काळ उत्तर आले. कधीही या म्हटले की सहसा कोणी जात नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असावे.

भाचीचा साखरपुडा जवळ आला होता आणि मला हिरव्या खणाचा, कोपरापर्यंत बाही असलेला लांब ड्रेस हवा होता. किंमत विचारताच पलीकडच्या व्यक्तीने आधी मापे मागितली, आणि तीही वरवरची नाहीत. छाती, कंबर, नितंब, खांदा, मुंढा, दंडाचा घेर, गळ्याची पुढची आणि मागची खोली, पूर्ण उंची हे सगळे तर विचारलेच. शिवाय नीट बसणारा एखादा ब्लाउज सपाट अंथरून त्यावर टेप ठेवून छायाचित्र पाठवा, असेही सांगितले. बाही किती सैल आवडते, चालताना पायात घोळ येऊ नये म्हणून घेर किती ठेवू, बाजूला खिसा हवा का, असे एकामागून एक प्रश्न आले. इतक्या आस्थेने दंडाचा घेर मला आजवर एकाही दुकानदाराने विचारला नव्हता. ज्याला मुंढा ठाऊक आहे तो शिवणकामातला माणूस असणार, असेच कोणालाही वाटेल.

ड्रेसचे ३,४५० आणि ‘प्लस साइजला कापड आणि अस्तर जास्त लागते’ म्हणून वर ६०० रुपये, अशी किंमत ठरली. कपडा मापाचा असल्याने माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर दुकानाच्या नावाऐवजी कोणा तिऱ्हाईत व्यक्तीचे नाव आले. त्यावर ‘ते आमच्या हिशेब बघणाऱ्या दादांचे खाते आहे’ असे सांगण्यात आले. पैसे पोहोचताच ‘ताई, तुमचा पीस कटिंगला घेतला’ या मजकुरासह हिरव्या कापडावर कात्री ठेवलेले छायाचित्र आले. पुढे हेच छायाचित्र इंटरनेटवर शोधले असता ते दुसऱ्याच राज्यातील एका शिवणवर्गाचे निघाले, आणि ज्या ड्रेसवर मी भाळले होते त्याचे छायाचित्रही तसेच एका डिझायनरच्या पानावरून उचललेले होते. फोनवरच्या छायाचित्र-शोधाने हे दोन मिनिटांत कळते, आणि ते पैसे भरण्याआधीही कळू शकते.

दिलेली तारीख उलटली. कधी कारागीर आजारी, कधी काठ कमी पडला, कधी कुरिअर अडकले. साखरपुडा जुन्या साडीवर पार पडला आणि त्यानंतर पार्सल आले.

आतला कपडा माझ्या मापाचा सोडाच, कोणाच्याच मापाचा नव्हता. गळ्यामागची चिठ्ठी कात्रीने कापून टाकलेली होती, पण शिवणीत तिचे पांढरे टोक राहिले होते, आणि घडीच्या आत ‘फ्री साइज’ असा गोल स्टिकर तसाच चिकटलेला होता. तो घेऊन मी आमच्या शिवणवाल्या काकूंकडे गेले. त्यांनी कापड आधी उलटे केले. खऱ्या खणाची बुटी विणलेली असते, त्यामुळे उलट्या बाजूला तिचे धागे दिसतात. इथे मागची बाजू फिकट, पांढुरकी आणि सपाट होती, म्हणजे बुटी आणि काठ दोन्ही छापलेले. मग त्यांनी शिवणीतून कापडाचा एक धागा ओढून काढला आणि काडी पेटवून त्याला लावली. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी धरला. सुताचा धागा कागद जळल्यासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची राख बोटांत चुरगळते. मणी धरतो तो पॉलिस्टर. काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळाली नसती. पारंपरिक हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, त्यामुळे त्याचा मोठ्या घेराचा ड्रेस करायचा तर कळ्या जोडाव्याच लागतात आणि ते जोड दिसतात. छायाचित्रात पायघोळ घेर आहे, एकही जोड नाही आणि तरीही हातमागाचा पारंपरिक खण असल्याचा दावा आहे, तर तिथेच विचारावे की पन्हा किती.

मी छायाचित्रांसह तक्रार पाठवली तेव्हा त्या आस्थेने विचारलेल्या मापांचा खरा उपयोग समोर आला. ‘ताई, मापाचा कपडा परत होत नाही, तो दुसऱ्या कोणाला बसणार नाही,’ असे उत्तर आले. मापे मागवायची ती ड्रेस शिवण्यासाठी नव्हे, तर परतीचा रस्ता बंद करण्यासाठी. आणि काहीतरी कापड पाठवायचे तेही याच हिशेबाने. काहीच पाठवले नाही तर ती उघड फसवणूक ठरते. एखादा शंभर-दोनशेचा झगा पाठवला की त्याच प्रकरणाला ‘मालाचा दर्जा आवडला नाही’ असे रूप देता येते. पोलिसांकडे गेल्यावर मलाही पहिला प्रश्न हाच विचारला गेला की पार्सल मिळाले ना. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो प्रश्न विचारला जावा अशीच या धंद्याची रचना आहे.

प्रत्यक्षात मापाची सबब कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. माझ्या बाबतीत तर तिन्ही गोष्टी होत्या. ऑनलाइन विकणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती दाखवणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि ती महिन्याभरात सोडवणे हेही याच नियमांत आहे. ज्या पानावर पत्ता म्हणून केवळ ‘एमआयडीसी, सोलापूर’ एवढेच लिहिले आहे आणि प्लॉट क्रमांक नाही, तिथे या नियमाची आठवण करून देऊन क्रमांक मागावा. मी नंतर दिरांना घेऊन अक्कलकोट रस्त्याला प्रत्यक्ष चौकशी केली. तिथे टॉवेलचे आणि चादरींचे कारखाने आहेत, माणसे आपुलकीने बोलली, पण त्या नावाचे कोणी नव्हते. एका कारखान्यातल्या मुकादमांनी सांगितले की असाच पत्ता हातात घेऊन याआधीही बायका येऊन गेल्या आहेत. सोलापूरच्या मागांचे नाव वापरून सोलापूरकरणीलाच लुबाडले, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला, हे इथे लपवत नाही.

प्रकरण इथे संपत नाही. पानावर जाहीर नाराजी लिहिताच, ती काही वेळातच पुसली गेली आणि संध्याकाळी एका गृहस्थांचा फोन आला. आपण कुरिअरच्या परतावा विभागातून बोलत आहोत, मॅडमचे पूर्ण पैसे मंजूर झाले आहेत, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की रक्कम खात्यात जमा होईल, असे ते अत्यंत नम्रपणे सांगत होते. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर ४,०५० चा आकडा दिसत होता, पण त्याखालचे बटण पैसे देण्याचे होते. यूपीआयवर पैसे स्वीकारताना पिन लागत नाही. पिन मागितला जातो तो फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना. मी फोन ठेवला. एकदा फसलेल्या गिऱ्हाइकाची माहिती हाताशी असते आणि ते गिऱ्हाईक परताव्याची वाट पाहत असते, म्हणून हा दुसरा घाला पहिल्यापेक्षा सोपा पडतो. अशा वेळी पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची बहुतेकींना धास्ती वाटते, ती मलाही होती. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठेही असो. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील नेमलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे तक्रार कोणाविरुद्ध करायची. पानाचे नाव बदलते, फोन बंद होतो. माझ्या बाबतीत उपयोगी पडली ती पार्सलची प्लास्टिकची पिशवी, जी मी सुदैवाने फाडून कचऱ्यात टाकली नव्हती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा म्हणून एका परराज्यातील गोदामाचा पूर्ण पत्ता आणि कुरिअरचा क्रमांक होता. तो पत्ता, पैसे स्वीकारणाऱ्याचे यूपीआय नाव व व्यवहार क्रमांक, आणि मापांपासून नकारापर्यंतचा संपूर्ण संवाद पडद्याच्या छायाचित्रांसह जोडून मी त्या पत्त्यावर आधी नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. पोचपावती सही होऊन परत आली, उत्तर आले नाही, आणि त्यानंतर तक्रार दाखल केली. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. ते पान आता वेगळ्या नावाने चालू आहे, हिरव्या ड्रेसचे छायाचित्र तेच आहे, टिप्पण्या बंद ठेवलेल्या आहेत, आणि या वेळी संक्रांतीसाठी काळ्या खणाच्या जॅकेटांची मापे मागवली जात आहेत.